सुतक लागू नये म्हणून

लेकीचं, पुनमचं, लग्न उरकलं त्याच वर्षी अर्धापूरचा ग्यानोबा बायकोला, सिंधुला, घेऊन स्वस्तातल्या ग्रुप टूरनं अंदमानला गेला. अंथरुणाला खिळलेल्या बजरंगकाकांचं सगळं त्यानं धाकट्या भावावर, दयानंदवर, सोपवलं होतं.

सोमवारी सकाळी गुहेकडं जाणाऱ्या होडीत पाय ठेवताच घरून फोन आला.

"उचलू नका," सिंधु म्हणाली. "काका गेले असतील. कानावर आलं की सुतक लागतंय. मग गुहा बी न्हाई आन् बेट बी न्हाई. बॅग भरायची आन् घर गाठायचं."

"हाव की. ऐकलंच न्हाई तर कशाचं सुतक?" म्हणत ग्यानोबानं मोठ्या भक्तिभावानं फोन बंद केला.

गुहा झाली, बेटं झाली, निळ्याशार पाण्यात गळ्यात गळे घालून फोटोही झाले. बघायचं काही उरलं नाही तेव्हा, बुधवारी, त्यानं घरी फोन लावला आणि आवाज रडवेला करून विचारलं, "कधी गेले काका?"

पलीकडून थकलेला आवाज आला, "ग्यानोबा, मी काकाच बोलतोय."



दयानंद सोमवारी पहाटे झोपेतच वारला होता.