अकराचा पेपर

"दादा, अकराचा पेपर आहे. साडेदहाला डहाणूत पोचायला हवं," भाविनी म्हणाली. "आणि तो मळका शर्ट बदल. आधार कार्डही घे, रस्त्यात पोलीस असतात."

मनिषने शर्ट बदलला, पण दातओठ खात. चौदा वर्षांची पोरगी आता त्याचे कपडेही ठरवणार!

वेवजी गावात तिचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दहाव्या वर्षी बारावी, तेराव्या वर्षी बीएस्सी, आणि आता खास परवानगीने गणितात एमएस्सी. तलासरीला सत्कार झाला तेव्हा खुर्च्या लावायला मनिषच होता. त्याची स्वतःची बीएस्सी एका गणिताच्या पेपरात तीनदा अडकली. शेवटी पुस्तकं माळ्यावर टाकून तो अच्छाडला टायरच्या दुकानात लागला. तिथेही ट्रकवाले विचारत, "तू भाविनीचा भाऊ ना?"

त्यात हल्ली रोज संध्याकाळी ती वही घेऊन येई. "हे सोडव ना दादा. मला तपासायला बरं पडतं." उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवी. बालवाडीतल्या पोरासाठी वाजवाव्यात तशा. त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

आज त्याने गाडी मुद्दाम हायवेला घातली.

"इकडून कशाला?"

"आतला रस्ता खणलाय."

अच्छाडला तो चहाला थांबला. ती पाण्याची बाटली भरायला ढाब्यात गेली, तेवढ्यात त्याने मागच्या चाकाची हवा सोडली.

"पंक्चर," ती आल्यावर तो म्हणाला.

दुकानात त्याने सावकाश ट्यूब काढली. पाण्याच्या टबात बुडवून नसलेलं भोक शोधत बसला. बाहेरून ट्रक धडधडत जात होते.

"दादा, रिक्षाने जाऊ या ना. दोघं."

"गाडी इथे टाकून? झालंच आता."

ती दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. एवढी कासावीस त्याने तिला कधी पाहिली नव्हती. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची थोडी लाजही वाटत होती.

साडेअकरा वाजून गेले. भाविनी एका जुन्या टायरवर बसली.

"आता आत घेणार नाहीत," ती म्हणाली. डोळे भरले होते.

"एक पेपर बुडाला तर काय होतंय?" मनिषने आवाज मऊ केला. "तू हुशार आहेस. पुढच्या वेळी देशील."

"माझे पेपर पुढच्या महिन्यात आहेत, दादा."

तिने दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. "आधी सांगितलं असतं तर तू आलाच नसतास. मी गेटवर देणार होते."

मनिषने काळे हात शर्टाला पुसले आणि घडी उलगडली.

हॉलतिकिटावर त्याचाच फोटो होता.