टॉवेल टाकलेली खुर्ची

गारवा कुठे सोडायचा हे आता कचेरीची इमारत स्वतःच ठरवायची. एसीची ही यंत्रणा एका खासगी कंपनीने पदरच्या पैशाने बसवली होती. वाचलेल्या विजेतून ते पैसे फिटत होते. तहसीलदार वैजयंती कुलथे दौऱ्यावरून परतल्या, तेव्हा त्यांची रिकामी केबिन थंडगार होती आणि बाहेर बाकांवर दाखल्यांसाठी आलेली माणसं घामाने निथळत होती.

"माणसं तिकडे आणि गारवा इथे? दुरुस्त करा हे," त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरला सुनावलं.

"बिघाड नाही, मॅडम. आधी वर्षभर या यंत्रणेनं तुमचं ऑफिस नुसतं पाहिलं. टॉवेल टाकलेल्या खुर्चीसाठी एसी लावतात, एवढंच ती शिकली."

वैजयंतीबाईंना हसू येणार होतं. तेवढ्यात उघड्या दारातून त्यांना दिसलं, बाकावरच्या एका म्हातारीने पिशवीतला टॉवेल काढून बाकाच्या पाठीवर टाकला आणि छतातून गार झोत तिच्यावर आला. म्हणजे लोकांना हे कधीचंच ठाऊक होतं.

म्हातारीचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. तिने घाईघाईने टॉवेल ओढून घेतला आणि ती उठून उभी राहिली.

"चुकलं, बाईसाहेब," ती म्हणाली.

वैजयंतीबाईंना मान वर करवेना.