अडकलेली लिफ्ट

हॉटेलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली आणि घाईत निघालेल्या प्रवाशाचं टाळकं सटकलं.

“काका, हातावर हात ठेवून काय बसलात?” तो आतून बाहेरच्या लिफ्टमनवर खेकसला.

“साहेब, मेकॅनिकला फोन केलाय. येईलच इतक्यात.”

“फोन गेला खड्ड्यात! जा, धरून आणा त्याला!”

पाचच मिनिटांत बाहेर कानठळ्या बसवणारा स्फोट झाला. कशाचा, कुणालाच कळेना.

तासाभराने त्याला बाहेर काढलं. ज्या फाटकात तो टॅक्सीसाठी उभा राहणार होता, ते फाटकच जागेवर नव्हतं.

“लिफ्ट अडकली म्हणून वाचलो!” तो मॅनेजरला म्हणाला. “काका कुठे आहेत? पाय धरतो त्यांचे.”



“मेकॅनिक मागच्या दाराने आपणहून आला, साहेब. काका त्याला आणायला फाटकातून गेले होते.”