सात खिळे

घराच्या खांबावर एकाच्या वर एक ठोकलेले सात खिळे, खालचे पार गंजलेले. तांदळाचं पोतं. बास्केटबॉलच्या मैदानात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या.

मैदानात बेटाची सभा भरली होती. डिझेलचा जनरेटर काढून सोलर पॅनेल बसवायचे का, हे हात वर करून ठरणार होतं. सगळे म्हाताऱ्या लोलो पोन्सोंच्या, म्हणजे पोन्सो आजोबांच्या, हाताकडे बघत होते; त्यांचा हात वर गेला की बाकीचेही जाणार होते.

लोलोंनी शिक्षिका जोवेलिनचा तक्ता हवेत हलवला. "समुद्र चढतोय म्हणे. हे आकडे काढणारे शहाणे कधी आले होते का इथे?"

"नाही आले, लोलो. आकडे तुमचे आहेत."

"माझे?"

"भरतीचं पाणी लागू नये म्हणून तुम्ही तांदळाचं पोतं खिळ्याला टांगता. पाणी चढलं की वर नवा खिळा. मी फक्त पट्टी लावून खिळ्यांची उंची मोजली. कुठला कुठल्या साली ठोकला, तेही गप्पांत तुम्हीच सांगितलंत."

"बोला आता, लोलो शास्त्रज्ञ," मागून कोणीतरी म्हणालं.

लोलोंनी तक्ता डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला.

"मग बरोबरच असणार," ते म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

त्या पोत्यातला तांदूळ आजवर एकदाही भिजलेला नाही.