हाक

बाबांनी घरच्या कॉम्प्युटरला बोललेलं टाइप करायला शिकवलं आणि त्याला हाक मारायचं नाव ठेवलं 'आनंदराव', म्हणजे स्वतःचंच. आईला समुद्रपूरच्या बचत गटाचा अहवाल लिहायचा होता. पण लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"मंग नको वापरू," बाबा म्हणाले. "तसंही तुले काय समजते त्यातलं?"

दुपारी आई मला म्हणाली, "प्रेरणा, माह्या तोंडात बसलेलं नाव ठेवून दे त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरपुढे बसून तिनं हाक मारली, "अहो, आयकता का?"

शेजारच्या खुर्चीत बाबांनी नेहमीसारखं पेपरचं पान उलटलं.



"हो, बोला," कॉम्प्युटर म्हणाला.