अकरावी थप्पड

पुंडलिकनगरातल्या फ्लॅटमध्ये भर दुपारी मेघानं टीव्ही लावला. जुन्या सिनेमांच्या चॅनेलवर तिच्या आजीचाच कृष्णधवल चित्रपट सुरू होता.

आजी, म्हणजे कडूबाई, एके काळी सतरा चित्रपटांची नायिका होती. लष्करी छावणीतल्या एका नाटकात तिला पाहून एका निर्मात्यानं मुंबईला नेलं आणि तिचं नाव बदलून शशिलेखा ठेवलं.

"बंद कर ते," आजी म्हणाली. "आता तो हिरो मला मारंल. त्या मुडद्यानं खरंच मारलं व्हतं, अकरा येळा. डायरेक्टरला माझं रडू खरं वाटंना. तवापासून हा कान बहिरा हाय. अन् बक्षीस त्यालाच भेटलं."

मेघानं हा प्रसंग कितीदा तरी पाहिला होता. नवरा थप्पड मारतो आणि बायको त्याच्या पायांवर पडते. तिनं रिमोट उचलला, पण आजीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बघतेच."

नायकानं हात उगारला. पडद्यावरच्या तरुण शशिलेखानं तो मनगटाशी धरला.

"आजी, हे असं नव्हतं!"

आजीची मूठ हवेतच आवळलेली होती. हाताच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

टीव्हीतलं संगीत थांबलं. नायक मान वळवून थेट खोलीत बघू लागला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"सोडा, बाई," तो कळवळून म्हणाला. "दुखतंय."

आजीनं मूठ आणखी आवळली.

"अजून कुठं दुखलंय तुला," ती म्हणाली.