एका चार्जिंगचा पल्ला

आठवडाभरात पेट्रोलचा काटा जेमतेम नखभर सरकला होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी त्याच्या गाडीची ऑफिसपर्यंत. तरी इलेक्ट्रिक गाड्यांची तुलना करताना तो प्रत्येकीत एकच खोट काढायचा, "एका चार्जिंगमध्ये आईकडे जाऊन परत येता येत नाही."

"मग आईंकडेच चार्ज कर की," बायको वैतागली. "दाराशी प्लग आहे का, विचार त्यांना."

त्याने फोन लावला.

"आहे ना! तू इलेक्ट्रिक गाडी घेतो म्हणालास, तेव्हाच बसवून घेतला. दोन वर्षं झाली, शेजारीणच तिची स्कूटर चार्जिंगला लावते, म्हणून धूळ नाही बसली त्यावर."

त्याला बायकोकडे बघवेना.



"आई, मी आज येतोय. पेट्रोलच्याच गाडीने."